आतले आत, बाहेरचे बाहेर

आई : तू वॉकरचं नंतर शिकव. वकीलबाईंचा फोन होता ना? मघाशी गॅलरीत जाऊन बोलत होतीस.

लेक : आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय. उलट करू नकोस, पुन्हा पडशील.

आई : अगं, काय म्हणाल्या त्या?

लेक : नियम बदललाय. मी तुझ्या ऑपरेशनसाठी निघाले तेव्हा इथून व्हिसावर नवा शिक्का घेऊन परत जाता येत होतं. आता आमच्यासारख्या परदेशी संशोधकांना देशाबाहेरून शिक्काच देणार नाहीत. आत आहेत ते आत, बाहेर आहेत ते बाहेर.

आई : किती दिवस?

लेक : पुढील सूचनेपर्यंत.

आई : आपली लिफ्टही पुढील सूचनेपर्यंतच बंद आहे. दोन नवे जिने बांधून झाले असते तेवढ्यात.

लेक : हसवू नकोस, आई. मला रडू येईल.

आई : मग रड. इथे कोण परकं आहे? आणि तुझी नोकरी?

लेक : प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या, जागा धरून ठेवता येणार नाही. माझे प्रयोगाचे मासे आज बर्फाच्या पाण्यात घातले.

आई : म्हणजे मारले? सगळे?

लेक : सांभाळणारं कुणी नाही म्हणून. कानातल्या मेलेल्या पेशी पुन्हा उगवतात त्यांच्या. माणसाच्या का उगवत नाहीत, ते शोधत होते मी. लोकांना वाटतं, खारूला ऐकू येत नाही म्हणून हे काम धरलं. काम आधीचं गं. खारूचा जन्म नंतरचा.

आई : मी पडलेच नसते तर—

लेक : तू काय हौसेने पडलीस? ते पुन्हा बोलायचं नाही. थांब, खारूच्या बाबाचाच फोन आलाय.

(ती फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा करते.)

जावई : खारूला शाळेत सोडून आलो. आई, पाय काय म्हणतोय?

आई : पाय चालतोय. तुमचं सांगा.

जावई : माझं इथलं राहणं हिच्या व्हिसावर. हिची नोकरी गेली की माझा आणि खारूचा मुक्कामही संपतो.

लेक : ते कळलंय मला. तुम्ही दोघं निघून या. सामान राहू दे तिथेच.

जावई : कंपनी माझ्या नावाने वेगळा अर्ज करायला तयार आहे. खारूचं नाव त्यात येईल.

लेक : आणि मी?

जावई : बाहेर असलेल्याचं नाव घालता येत नाही.

लेक : अर्जाचा निकाल लागेपर्यंत तू इकडे आलास तर?

जावई : अर्ज रद्द.

लेक : म्हणजे मी तिकडे येऊ शकत नाही, तू इकडे येऊ शकत नाहीस. किती काळ?

जावई : वर्षभर तरी. जास्तही लागेल म्हणतात.

लेक : मग तो अर्ज नको. खारूला घेऊन ये.

जावई : तिच्या कानाचं यंत्र आत्ता कुठे सुरू झालंय. त्या शिकवणाऱ्या बाईंमुळे ती शब्द ओळखायला लागली. काल कुकरची शिट्टी ऐकून स्वयंपाकघरात धावत आली, माहितेय? तिकडे आणलं तर सगळं पहिल्यापासून. दुसरी भाषा, दुसरे डॉक्टर.

लेक : इथे डॉक्टर नाहीत का? मी शिकवेन तिला. दिवसभर तिच्याजवळच असेन—

आई : अगं, हळू.

लेक : मी तिची आई आहे! सही करू नकोस. ऐकतोयस ना?

जावई : काल केली.

लेक : मला न विचारता?

जावई : आजपासून तोही रस्ता बंद होणार होता. तुला चार वेळा फोन केला. तू आईंना घेऊन दवाखान्यात होतीस. मग केली.

लेक : माझी मुलगी आहे ती.

जावई : माझीही आहे. तुला वाटतं मला हे जमणार आहे? दाराशी कुणी आलं की ती तुझं नाव घेते. आता तिला ते म्हणता येतं ना.

आई : जावईबापू, शिव्या घाला, भांडा, पण फोन ठेवू नका.

जावई : नाही ठेवत, आई.

आई : तू बोल गं काहीतरी.

लेक : ती जेवते का?

जावई : जेवते. परवा शाळेत त्या यंत्राची, कानामागे चुंबकाने चिकटते ती चकती डोक्यावरून निसटली. मोकळे केस खाली अडकले होते. कुणाच्या लक्षातच आलं नाही. दुपारभर बिचारीला काही ऐकू आलं नाही, नुसती बसून होती.

लेक : वेणी घातली नव्हतीस?

जावई : मला येत नाही. रबर लावतो तसाच.

लेक : रबराने नाही भागत. कानामागचे केस आधी वर घ्यावे लागतात, चकतीची जागा मोकळी ठेवून.

जावई : व्हिडिओ बघून शिकेन.

लेक : व्हिडिओत चकती नसते. कॅमेरा लाव आणि नीट बघ. आई, पाठ कर माझ्याकडे. केस सोड.