वाळूबाहेरच्या मिशा

नाही हो, रिकामी नाहीये टाकी – सगळे असंच म्हणतात, पाटी आहे मग खेकडा कुठंय – तिथे बघा, कोपऱ्यात, वाळूतून दोन काड्या वर आल्यात ना? मिशा त्या. टकटक नका करू काचेवर. तो खाली गाडलेला आहे, अख्खा. उलटा शिरतो – आधी बूड, मग बाकीचा – आणि दोन्ही मिशा जुळवतो, केसांत केस अडकवून, की झाली नळी. त्यातून पाणी खाली ओढायचं आणि त्यावर जगायचं. दिवसभर हेच. अंधार पडला की वर येतो म्हणे, किडे उकरून खातो – मला कुठे दिसायला, मी तोवर घरी. – बाहेर कोणी आलं का? नाही? – हां, वाळू बारीकच लागते त्याला. भरड चालत नाही. नळी बंद झाली की संपलंच ना.

माझ्या नवऱ्याची झाली होती बंद. पाणबुड्या आहे तो, हे खेकडे तोच आणतो तळावरून. होडीतल्या यंत्रातून हवेची नळी खाली जाते, ती नांगराखाली दबली. दिराने ओढून काढला तेव्हा ओठ निळे. मग घरातच बसला. आंघोळीलासुद्धा डोक्यावरून पाणी घेईना. लोक हळहळायचे – आणि मला, खरं सांगू, बरं वाटायचं. भित्रा तर भित्रा, डोळ्यांसमोर आहे ना! असं बोलू नये, पण वाटायचं. मग परवा इथली मादी मेली. घरी मी बोलायलाच नको होतं. म्हणाला, "दुसरी आणतो." मी म्हटलं, "कशाला? कोण बघतंय?" तर म्हणतो, "तू बघतेस ना रोज." पहाटेच गेला. दुपारी येतो म्हणाला होता – आता दिवे लावायची वेळ झाली. दिराचाही फोन लागत नाही. वाराही सुटलाय, नाही? की मलाच वाटतंय – तुम्हाला काय विचारतेय मी, तुम्ही खेकडा बघायला आलात –

कोण? आलास! बादली ठेव खाली. आधी ठेव म्हणते ना. हात बघू – बर्फ झालेत नुसते. हसतोस काय?

आणि तुम्ही – तुम्ही निघा आता. उद्या या, हवं ते विचारा. मला याच्याशी भांडायचंय.