धाग्याच्या शेडमधली उतरवलेली पाटी

जबाब

नाव : रूपाबाई नेमसिंग राठोड. वय : अंदाजे पन्नास वर्षे. धंदा : मजुरी, केळीच्या खोडाचा धागा काढणे. राहणार : शिरड शहापूरजवळचा तांडा, ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली.

पोलिसांनी ठाण्यात बोलावून विचारल्यावरून मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील ठिकाणी मी माझे पती नेमसिंग, मुलगा अमरसिंग व सून पुजा असे राहत होतो. कागदावर तिला जागोजागी मयत लिहिले आहे. मी तिला पुजाच म्हणणार.

आमच्या तांड्याच्या कडेला पत्र्याची शेड आहे. केळीचा घड उतरला की खोड फेकून देतात. ती खोडे आम्ही आणतो, त्यांची सोपटे, म्हणजे एकावर एक असलेले थर, सोडवतो आणि मशीनच्या फिरत्या ड्रमसमोर धरतो. चोथा खाली पडतो, धागा हातात राहतो. तो वाळवून पुण्याच्या एका कपड्याच्या कंपनीला जातो. त्याचे भारी कापड होते म्हणतात. मी ते कधी अंगावर घेतलेले नाही. या कामामुळे आम्हाला ऊसतोडीला जावे लागत नव्हते, म्हणून शेड आमच्या जिवाभावाची होती.

शेडचे नियम आम्ही बायांनीच ठरवले होते. कामाला लागण्याआधी बांगड्या काढायच्या, पदर कमरेला करकचून खोचायचा, डोके उघडे ठेवायचे. मोटरीचे बटण बाहेरच्या भिंतीवर आहे, तिथे ज्योती पवार हिने उभे राहायचे. बाया उघड्या डोक्याने काम करतात म्हणून तांड्यातला एकही पुरुष शेडमध्ये पाय ठेवत नव्हता. फक्त सुपरवायझर रविंद्र येत असे, तो तांड्याबाहेरचा. त्याने कंपनीची पाटीही लावली होती : मशीनजवळ सैल कपडे घालू नयेत.

गेल्या मंगळवारी कंपनीच्या मॅडम व त्यांची माणसे जाहिरात काढायला कॅमेरा घेऊन आली. साड्या नकोत, तांड्याचा जुना पोशाख पाहिजे, असे मॅडमनी आदल्या दिवशी रविंद्रकडून कळवले होते. आता तो कोण घालतो? माझ्या सासूबाई पेमा यांच्या पेटीत त्यांनी हाताने शिवलेला एक होता. फेटिया म्हणजे घागरा, कांचळी म्हणजे चोळी आणि आरशांची, कवड्यांची जड ओढणी. तो पुजाला बसला. ती बारावी शिकलेली, दिसायला चांगली आणि बोलायला धीट, म्हणून मॅडमनी तिलाच पुढे घेतले.

मॅडमनी तिला एक वाक्य पाठ करायला दिले. रेशमासाठी किडे मरतात, चामड्यासाठी जनावर मरते, आमच्या धाग्यात कुणाचाच जीव जात नाही. पुजा माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "आत्या, जीव जात न्हाई, कंबर जाती, हे बी सांगू का?" सगळ्या बाया हसल्या. मीसुद्धा हसले.

भिंतीवरची पाटी चित्रात वाईट दिसते म्हणून रविंद्रने ती उतरवून सोपटांच्या ढिगामागे ठेवली. मी तेव्हा ढिगापाशीच होते, डोळ्यांनी पाहिले. ज्योतीला बटणापासून बोलावून धागा विंचरायला आत बसवले. बटणाजवळ कोणी राहिले नाही. रविंद्र उजेडासाठी पांढरा पत्रा धरून उभा होता.

मग मॅडमना पागोटेवाला म्हातारा माणूस पाहिजे झाला. माझ्या पतीला बोलावणे गेले. ते येत नव्हते. रविंद्र त्यांना हाताला धरून घेऊन आला आणि मशीनशेजारी बाजेवर बसवले. सासरा समोर आल्याबरोबर पुजाने ओढणी तोंडावर ओढली. आमच्यात ते कोणाला सांगावे लागत नाही, हात आपोआप जातो. मॅडमना ते फार आवडले. "घुंगट रहने दो, बहुत सुंदर," असे त्या म्हणाल्या.

मी रविंद्रला म्हणाले, "मशीन बंद करून काढा काय काढायचं ते. पोरीला दिसून न्हाई राहिलं."

तो म्हणाला, "मावशी, ड्रम फिरला न्हाई तर पाणी उडत न्हाई, खरं वाटत न्हाई. एकच डाव राहिला. मोडता घालू नका."

मी गप्प बसले नाही, पुन्हा बोलले. ते कोणी ऐकले नाही.

पुजा घुंगटाआडून ते वाक्य बोलली आणि सोपट लावायला वाकली. ओढणीचे टोक ओल्या सोपटावर पडले, त्याला चिकटून ड्रममध्ये गेले. ओढणी तिच्या गळ्याभोवती आवळली. ती ओरडली नाही. तिला ओरडायला मिळालेच नाही.

सर्वांत जवळ माझे पती होते. ते उठले. त्यांचा हात तिच्याकडे गेला आणि मध्येच थांबला. आमच्यात सासरा सुनेला हात लावत नाही, तिच्या घुंगटाला तर नाहीच. ते ओरडले, "रूपा! ये रूपा, धर तिला!" आमच्या लग्नाला इतकी वर्षे झाली, त्यांनी माझे नाव कधी तोंडातून काढले नव्हते. मी ढिगावरून उडी टाकून धावले. ज्योती बटणाकडे धावली. मी सोपटे सोडवायच्या विळ्याने ओढणी कापू लागले, पण सासूबाईंची शिवण भक्कम होती, टाक्यावर टाका होता. मोटर बंद झाली तेव्हा पुजा माझ्या हातात होती, पण तिने माझे बोट धरले नाही.

रविंद्रने जीप आणली. माझ्या पतीनेच तिला उचलून जीपमध्ये ठेवले. ती सून होऊन आल्यापासून त्यांनी तिला हात लावला तो तेवढाच. हिंगोलीला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून सांगितले की ती आधीच गेली होती.

पाचव्या दिवशी कंपनीचा एक माणूस घरी आला. म्हणाला, "पाटी लावलेली असून बाईने सैल कपडे घातले, कंपनी काय करणार?" मी शेडवर जाऊन पाहिले. पाटी पुन्हा भिंतीवर होती, खिळे नवे कोरे. अहो, चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. माझे म्हणणे आहे की त्यांच्या कॅमेऱ्यातले चित्र ताब्यात घ्यावे. त्यात पुजाच्या मागची भिंत उघडी दिसेल.

त्याच चित्रात माझ्या पतीचा थांबलेला हातही दिसेल. काल अमरसिंग मला म्हणाला, "याडी, बापूचं काहून सांगती? तेवढं सांगू नको." मी सांगितले, कारण अर्धे सांगितले तर पाटीबद्दलच्या माझ्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवील? माझे पती तेव्हापासून जेवणाच्या ताटाला हात लावत नाहीत. मी भरवते तेवढे खातात. आता ते बाहेर व्हरांड्यात बसले आहेत. त्यांचा जबाब घ्यायचा तर घ्या, पण ते बोलतील असे वाटत नाही. मला त्यांचा राग येतो, फार येतो. पण ते तिथे आपणहून बसले नव्हते, त्यांना आणून बसवले होते.

घरी आम्ही गोरमाटी बोलतो, मला मराठी चांगली समजते. लिहिलेले मला वाचून दाखवले. त्यात, मयत हिने निष्काळजीपणे ओढणी तोंडावर घेतल्याने, असे वाक्य आले. ते मी सांगितले नव्हते. मी ते खोडायला लावले. त्या जागी लिहून घेतले आहे की, पुजाने सासऱ्याचा मान राखला. खोडलेल्या ओळीवर माझा अंगठा आहे. बाकी सारे मी बोलले तसेच उतरले आहे, बराबर आहे.

रूपाबाई नेमसिंग राठोड
(डाव्या हाताचा अंगठा)