कानबाईच्या मागे, पहिल्या गिअरमध्ये

...गैरवापर! अहो, गैरवापर म्हणाले हो! मी, प्रेमराज, साक्रीला बियाण्यांचं दुकान, गाडी रोज फडक्यानं पुसणारा माणूस, आणि कंपनी मला लेखी कळवते, 'इंजिन ग्राहकाच्या गैरवापरामुळे जाम झाले, वॉरंटी लागू नाही.' म्हणजे काय, मी त्यात उसाचा रस काढला? तुम्हाला सांगतो, आमच्या आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, जीपला कुठे होती वॉरंटी? उकळली की दोन तांबे पाणी, वर एक शिवी, की निघाली! आता बॉनेट उघडलं तर नुसतं प्लॅस्टिकचं झाकण... शिवी द्यायची कुणाला?

तर झालं काय, श्रावणातला सोमवार, पिंपळनेरला कानबाईचं, म्हणजे आमच्या खानदेशच्या देवीचं, विसर्जन. आई आधी कानबाईमागे नदीपर्यंत चालायची, वाटेत फुगड्या! गुडघे गेले तशी आबांच्या जीपमध्ये बसून जायला लागली. जीपमागे पोरं धक्का मारतायत, आबा आतून 'जोर लावा रे!' ओरडतायत, आणि आई गातेय! कसले दिवस होते हो ते... मग आबा गेले, जीप भंगारात गेली, आई घरात बसली. म्हणून मी नवी गाडी घेतली. लोकांना सांगितलं धंद्यासाठी, पण खरं सांगतो, त्या एका दिवसासाठी!

आई माझ्या शेजारी ऐटीत. पुढे बाया डोक्यावर कानबाई घेऊन, त्यांच्यापुढे बँड, दर दहा पावलांवर फुगडी, आणि मागे आम्ही, पहिल्या गिअरमध्ये, अख्खी दुपार! पुढे काढायची म्हणता? देवीला ओव्हरटेक करू? आणि तेवढ्यात स्टिअरिंगमागे लाल दिवा लागला. म्हटलं, 'आई, गाडी तापली, बंद करतो.' तिनं माझा हातच धरला.

'नको रे प्रेम्या, बंद नको करू! देख, आपली गाडीमा कानबाईना दिवा लागना!'

आणि हात जोडले हो तिनं त्या दिव्याला! आता तुम्हीच सांगा, हात जोडून बसलेल्या आईला टेंपरेचर कसं समजवायचं? मीही जोडले. नदी आली, कानबाई बोळवली, इंजिनही बोळवलं. बॉनेटमधून धूर निघाला तर आई विचारते, 'धूप कोनी लावा रे?'

त्याच हिवाळ्यात आई गेली. गाडी अंगणात ताडपत्रीखाली. रोज दिसायची. आईची शेवटची बसायची जागा ती, तिला भंगारात कसं घालू? गाडी चालली पाहिजे, बस! गेलो धुळ्याला, ग्राहक आयोगात. माझे वकील सुकदेव नाना म्हणाले, 'दिव्याचं कुणाला माहीत नाही. विचारल्याशिवाय तोंड उघडू नको.' आबांच्या जीपला कुठे होती वॉरंटी? आणि कुठे होते वकील?

पण त्या नव्या गाडीच्या काचेला कॅमेरा होता ना! शोरूमवाल्यानं 'सर, एकदम फ्री, तुमच्या सेफ्टीसाठी!' म्हणून गळ्यात मारलेला. गाडी वर्कशॉपला नेली तेव्हा त्यातलं कार्ड कंपनीवाल्यांनी काढून घेतलं. कंपनीचे वकील उठले, आयोगाच्या अध्यक्षांना म्हणाले, 'मॅडम, हा पुरावा.' पडद्यावर काय, तर रस्ता, बायांच्या पाठी, धूळ... आणि आवाज आईचा! गात होती हो. दम लागलेला, सूर कधीच सुटलेला, पण गात होती... जीपमधली तिची सगळी गाणी वाऱ्यावर गेली, एवढं एकच कुठेतरी अडकून राहिलं, आणि ते निघालं कुणाकडे? कंपनीकडे!

मग ते आलंच, 'कानबाईना दिवा लागना!' वकील टेबलावर हात आपटतात, 'पाहा, इशारा मिळूनही गाडी चालवली!' नाना टेबलाखालून माझ्या पायावर पाय देतायत. मॅडमनी विचारलं, 'तक्रारदार, काही म्हणायचंय?'

म्हटलं, 'मॅडम... जरा मागे घेता का? गाण्यापासून?'

घेतलं हो त्यांनी! कंपनीचा वकीलसुद्धा खाली मान घालून ऐकत होता. आणि निकाल? तक्रार फेटाळली. कार्ड मागितलं तर कंपनी म्हणते, 'तो पुरावा आहे, देता येत नाही.' आबांच्या जीपला कुठे होती वॉरंटी, सांगा ना...

आता अपील करतोय. नाना डोक्याला हात लावून बसलेत. 'अरे प्रेमराज, वरच्या आयोगातही हरशील! ते परत तोच व्हिडिओ लावतील!'

म्हटलं, नाना, लावतील ना नक्की?