माणूस खायचा कायदा आणि मामीचा रस्सा

आमच्या मामीनं वकिलाला गप केलं, ते ऐका. परदेशात एकानं खुशीनं ‘मला खा’ म्हणून सांगितलं आणि दुसऱ्यानं त्याला मारून खरंच खाल्लं, ही बातमी पेपरात आली. त्या रविवारी आमी उचगावला मामीकडं मटणाला बसलोतो. माझा वकील दोस्त संज्या रंगात आलता.

“माणूस स्वतः व्हय म्हणाला तरी खून त्यो खूनच. त्या व्हयला कायद्यात किंमत न्हाय!”

“आरं, पण राजी हुता की त्यो!” मी म्हणालो.

तेवढ्यात मामी तांबड्या रश्श्याचं पातेलं घेऊन आली. संज्यानं वाटीवर हात आडवा धरला. “नको मामी, आता मरतोय मी!”

मामीनं हात बाजूला सारून वाटी काठोकाठ भरली. “वकीलसाहेब, माणसाच्या व्हयला किंमत न्हाय म्हंतायसा, मग तुमच्या नकोला कुठली? जेवा गुमान!”