किसुमू ते नैरोबी, जावयाशेजारी

...आणि वर न्यायला आलेला जावई दाराआडनं मलाच म्हणतो, पाऊण तासाचं तर आहे, आई! पाऊण तास? बायांनो, तुम्हाला सांगते, पाऊण तासात माझी एक कढई मासळी धड तळून होत नाही, आणि हा मला किसुमूहून आभाळातनं इथे नैरोबीला आणणार! पण करते काय? माझी अदोयो इथे, ह्याच दवाखान्यात, मूल पोटात आडवं, दुपारी पोट फाडायचं ठरलेलं, आणि पोरगी हटून बसलेली, आई आल्याशिवाय आत जाणार नाही म्हणून. बसनं यायचं तर साडेतीनशे किलोमीटर, दिवस मोडतो. तोवर... जाऊ दे, ते मी तोंडातनं काढत नाही.

चढले. टेकते न टेकते तोच शेजारी कोण येऊन बसावं? तोच जावई! ओबुन्गा! अहो, आम्हा लुओ लोकांत सासू-जावई समोरासमोर आले तर वाट बदलतात, लग्नापासून मी त्याचं तोंड नीट बघितलेलं नाही, आणि इथे मांडीला मांडी? उठले तशी, तर ती विमानातली चकचकीत पोरगी आली, म्हणे, मावशी, पट्टा बांधा. म्हटलं, पट्टा कसला बांधतेस, हा माझा जावई आहे. तिला वाटलं, मी ओळख करून देतेय. गोड हसली त्याच्याकडे बघून. दुसरी जागाही नाही, विमान गच्च. शेवटी सुकटीची पिशवी मधे उभी केली, पडदा म्हणून, तर तीही बयेनं उचलून वर कोंबली.

मग ते उडालं. डोंगरावर आलं आणि धाडकन खड्ड्यात गेलं. आभाळात खड्डे असतात, हे कुणी बोललं होतं मला? आणि शेजारून आपलं चाललेलंच... पाऊण तासाचं तर आहे, आई, पाऊण तासाचं... तेवढ्यात दुसरा खड्डा, आणि मी... काय सांगू, धरला. हात. जावयाचा! पार नखं रुतेपर्यंत. वाडवडिलांची माफी मागितली, पण सोडला नाही. आणि मग कळलं, त्याचा हात माझ्याहून जास्त थरथरतोय. मेला मला कुठला समजावतोय, स्वतःलाच समजावत होता!

खिडकीकडे तोंड करूनच म्हणाला, "आई, अदोयोला काही झालं तर?"

म्हटलं, "गप. पाऊण तासाचं तर आहे."

पोचलो. तिला आत नेत होते, मला बघून रडली आणि गेली. नात झाली, दोघी धड आहेत. शुद्धीवर आल्यावर पोरगी नवऱ्याचं मनगट बघून विचारते काय, "मांजरानं ओरबाडलं का हो?" हा म्हणाला, "हो. घरचंच होतं."

हात धरल्याचं गावी कळलं तर म्हातारे दोष फेडायला बकरा कापायला लावणार, ते वेगळंच. आणि परवाचं परतीचं तिकीट? पुन्हा विमानाचंच काढलंय त्यानं, शेजारशेजारचं. सकाळी नर्सबाईकडनं कात्री मागून घेतली, आणि नखं तेवढी कापून टाकली.