डाव्या हाताचा दांडा

—नाही नाही, बसा, उतरू नका, गियर समजून तुमचा गुडघा धरला, एवढंच! माझीच चूक. तीस वर्षं जुन्या ट्रॅक्टरवर डाव्या हाताला गियरचा दांडा, आणि या नव्यात तिथेच गिऱ्हाइकाची सीट. हात जातो हो आपोआप. मागच्या आठवड्यात एक मुख्याध्यापिका बसल्या होत्या, चढावर मी त्यांच्या छत्रीचा तिसरा गियर टाकला. छत्री उघडली की केबिनमध्येच! समोरचं काही दिसेना, दुकानाची पाटी आडवी. तेव्हापासून सूनबाईनं बजावलंय, ‘बाबा, अजून एकदा गिऱ्हाइकाला गियर समजलात, तर निळा डगला घालायचा आणि नट-बोल्टच्या काउंटरवर बसायचं.’ शोरूमची मालकीण ती. सासरा पगारावर. त्या काचेमागे उभी आहे ना, तीच. बघतेय. हसा जरा. हं, असं.

तर तुम्ही विचारलंत, गियर नाहीत तर चालतो कसा? गियर आहेत, पण बदलायचे नाहीत. इंजिनाची ताकद दोन वाटांनी जाते — एक वाट दातेरी चक्रांची, दुसरी तेलाची. म्हणजे आमच्या घरात मी आणि ही. मी दातेरी, अडलो की अडलो. ही तेल, दाबाल तिकडे वळेल — असं मला लग्नानंतर दोन दिवस वाटलं. पंप तेल ढकलतो, तेल मोटर फिरवतं, आणि पंपात एक तबकडी असते, ती कमी-जास्त कलते, तसं तेल कमी-जास्त जातं, उलटंसुद्धा जातं. मग या दोन्ही वाटा एका चक्रांच्या जुडग्यात येऊन मिळतात. ते जुडगं म्हणजे सूनबाई — दोघांचं ऐकणार आणि चाकाला एकच वेग सांगणार. म्हणून वेग पायरी-पायरीनं नाही, सरसर वाढतो. धक्का नाही, खडखड नाही, मागच्या ट्रॉलीत अंडी ठेवा — बरं, अंडी नका ठेवू.

आणि खरी गंमत उतारावर. हे बघा, शोरूमसमोरच्या या उतारावरच थांबलो. इंजिन चालू, पण चाक जागच्या जागी, कारण तेलाची वाट दातेरी वाटेच्या नेमकी उलट फिरतेय. मी म्हणतो लग्नाला जाऊ, ही म्हणते नाही — घर हलतं का? नाही. ब्रेकसुद्धा दाबावा लागत नाही.

काय? माझा पाय? हो... आहे ब्रेकवर. तुमची नजर भारी आहे हो. आता तुम्ही परके, म्हणून सांगतो, सूनबाईला बोलू नका — आजवर एकदाही मी पाय काढलेला नाही. गिऱ्हाइकाला सांगतो ‘ब्रेक लागत नाही’ आणि खाली दाबून बसतो. विश्वासच बसत नाही. आणि हे बघा खिशात — जुन्या दांड्याची मूठ. ट्रॅक्टर भंगारात दिला, ही काढून घेतली. दुपारी सगळे जेवायला गेले की हातात धरून बसतो. हसताय? हसा. अहो, चढ आला की इंजिनाच्या आवाजावरून मला कळायचं, आता दुसरा टाक. गावभर नाव होतं. या नव्या ट्रॅक्टरला ते माझ्याआधी कळतं. मग मी कशाला? वाईट वाटतं हो, खरंच वाटतं. नट-बोल्ट मोजत नाही बसायचं मला. इथे निदान सीटवर तरी आहे.

ठीक आहे. तुमच्या साक्षीनं काढतो पाय. घट्ट बसा. एक... थांबा, पुन्हा. एक, दोन — काढला! पाय वर! अहो, उभा आहे! हललाच नाही! खाली सरळ उतार, आणि हा बेटा ढिम्म! सूनबाई, बघ गं, पाय वर, हा बघ हात वर! बघितलं तिनं? हसली, हसली! अहो तीस वर्षांत मी असा — तुम्ही का कण्हताय? ट्रॅक्टर तर उभा आहे.

...अरे देवा. डावा हात.

कधीपासून धरलाय तुमचा गुडघा? पाय काढला तेव्हापासून? मग बोलायचं ना हो! बोललात? मला वाटलं गियरबॉक्स कुरकुरतोय.

ती हसायची थांबली. दार उघडलं. हातात काय आहे तिच्या? निळं आहे ना? निळंच आहे.

उतरा तुम्ही. जपून, पायरी उंच आहे, दुखऱ्या पायावर जोर नको. आणि उद्या नट-बोल्ट लागले, तर या.