रोहूची जागा

कोपरगावच्या डोळ्यांच्या दवाखान्यात राजनंदिनी आईचा नंबर यायची वाट पाहत होती. समोरच्या बाकावर दोघं म्हातारे बसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन गनीभाईंचं होतं, सोबतीला आप्पासाहेब आले होते.

"महिनाभर नदीचं तोंड बघायचं न्हाई म्हनतो डाक्टर."

"मग नका बघू. मासे कुठं चाललेत?"

"जातात की. दोन वर्सं झाली, रोज एकाच जागी पेंडीचा गोळा टाकतोय. चार दिवस गोळा न्हाई पडला, की रोहू दुसरा डोह धरतो."

"कुठं टाकता?"

"पुलाखाली."

"पुलाखाली गुडघाभर पानी हाय, गनीभाई."

"मग बंधाऱ्यावर समजा."

"तिथं सगळी जलपर्णी. गळाला पालाच येतो."

नर्सनं दारातून हाक मारली, "गनी शेख, आत या."

गनीभाई उठले आणि पुन्हा बसले.

"ऐका. घाटाच्या वर आडवी पडलेली बाभळ हाय. तिच्या मुळाशी टाकायचा, मुठीएवढा. कुनाला सांगू नका."

"तिथं सकाळचा गोळा मीच टाकतोय. तुमी संध्याकाळी येता, व्हय ना?"

"तुमी टाकता?"

"लई दिवस झाले."

"तरीच म्हनलं, माझ्या गळाकडं मासा ढुंकून का बघत न्हाई. पोट भरलेलं असतंय त्याचं."

"आजोबा, चला लवकर," नर्स म्हणाली.

"आलो, ताई. आप्पासाहेब, भिजवलेली पेंड घरी हाय, आमची बिबीजान देईल. आता महिनाभर संध्याकाळचाबी तुमीच टाका."